चिमणीचे ८० किलोमीटर

चिमणीची उंची ५४ इंच. घोडेबाजारात हा आकडा सांगितला की समोरचा माणूस पुढचं ऐकत नाही. सारंगखेड्याच्या यात्रेत ६२-६४ इंची मारवाडी घोड्यांभोवती ही झुंबड असते. कान किती वळलेत, भोवरे कुठे आहेत, देवमण (गळ्यावरचा शुभ भोवरा) आहे का, पंचकल्याणी (चारी पाय आणि तोंडावर पांढरं) आहे का, रेवाल चाल (स्वाराला हिसके न देणारी) कशी आहे, ढोल वाजला की नाचतो का, सगळ्याची चौकशी होते. मी तिथे दिवसभर हिंडले. पाय उचलून खूर बघणारं गिऱ्हाईक काही माझ्या नजरेला पडलं नाही.

मला घोडी हवी होती एन्ड्युरन्स राइडसाठी, म्हणजे घोड्यावरून लांबचा पल्ला काटण्याच्या स्पर्धेसाठी. आणि ती मिळाली घरापासून हाकेच्या अंतरावर, सासवडच्या पुढे माळावर उतरलेल्या धनगरांच्या वाड्यावर. मेंढरांमागं बिऱ्हाड वाहणारी भीमथडी घोडी. पाठीवर जाळी, भांडीकुंडी, पायाला सुतळी बांधलेल्या दोन कोंबड्या आणि या सगळ्याच्या वर एक शेंबडं पोरगं, असा तिचा थाट. तिचे मालक आबा आधी विकायलाच तयार नव्हते. चहावर चहा झाले, मग म्हणाले, "पळायची न्हाई ही. पण थांबायची बी न्हाई." सौदा तिथेच ठरला माझ्या मनात, पैशाचं बोलणं नंतर झालं. चिमणी हे नावही त्यांच्याच नातीनं ठेवलेलं, मी बदललं नाही.

भीमथडी म्हणजे भीमेच्या खोऱ्यातलं, दख्खनचं घोडं. मराठ्यांच्या घोडदळातलं. पुढे लष्कर गेलं, मोटारी आल्या आणि ही जनावरं उरली ती मुख्यतः मेंढपाळांच्या जिवावर. अलीकडे कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोनं भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली, तेव्हा कुठे लोक त्यांच्याकडे वळून बघायला लागले. माझं सासवडला मेडिकल आहे. दुकानात घोड्याचा विषय निघाला की दर चौथं गिऱ्हाईक बाजीरावांना मध्ये आणतं. "काय ताई, दिल्ली कधी गाठताय?" १७३७ मध्ये बाजीराव दिल्लीच्या वेशीवर जाऊन धडकले ते अवजड सामान आणि बाजारबुणगे मागे ठेवून, हे खरंच. पण आपल्या डोळ्यांपुढे येतो तो भरधाव घोडा, उडणारी धूळ, उगारलेली तलवार. भरधाव घोडा मैल-दोन मैलांत दमतो. दिवसामागून दिवस मजल मारणारी घोडी सांभाळणं ही वेगळी विद्या आहे, आणि त्याचे पुतळे कोणी उभारत नाही.

एन्ड्युरन्स म्हणजे काय ते थोडक्यात सांगते, कारण नवऱ्याच्या मित्रांना अजून ती रेसकोर्सवरचीच शर्यत वाटते. आधुनिक काळातली याची सगळ्यात नावाजलेली राइड म्हणजे कॅलिफोर्नियातली टेव्हिस. १९५५ पासून चालू आहे, सिएरा नेवाडाच्या डोंगरांतून १०० मैल, २४ तासांच्या आत. आपल्याकडे ४०, ६०, ८० किलोमीटर अशा पायऱ्या चढत जायचं. अंतराचे टप्पे पाडलेले असतात, त्यांना लूप म्हणतात. प्रत्येक लूपनंतर व्हेट गेट, म्हणजे पशुवैद्यांची तपासणी. लूप संपवून आल्यावर १५ मिनिटांच्या आत घोड्याचे ठोके मिनिटाला ६४ किंवा त्याखाली यायला हवेत. नाही आले तर घरी. लंगडला तर घरी. पोटाचा आवाज बंद झाला तरी घरी. शेवटच्या रेषेवर पहिला आलेला घोडासुद्धा नंतरच्या तपासणीत नापास झाला तर तो बाद.

आणि यातली गंमत नवख्याच्या लवकर लक्षात येत नाही. मधल्या लूपचं घड्याळ तुम्ही येऊन पोचलात म्हणून थांबत नाही. घोडा तपासणीला उभा कराल तेव्हा थांबतं. समजा एक जण माझ्या आधी पाच मिनिटं आला आणि ठोके उतरायला त्याला १२ मिनिटं लागली, माझी घोडी तीन मिनिटांत उतरली, तर पुढे मीच. म्हणून सगळी तालीम पळण्याची नसते, पळाल्यावर शांत होण्याची असते.

चिमणीचे निवांत असतानाचे ठोके ३६. डाव्या पुढच्या पायाच्या कोपराच्या आत, मागच्या बाजूला स्टेथोस्कोप लावायचा, १५ सेकंद मोजायचे, गुणिले चार. दुकानातला स्टेथोस्कोप पागेत गेला तो परत आलाच नाही. सकाळी चंदी देण्याआधी मोजायचे आणि भिंतीवर खडूनं लिहायचे. एखाद्या दिवशी ४४-४६ दिसले तर खोगीर चढवायचंच नाही. काहीतरी दुखतंय, ताप येतोय, नाहीतर कालचं काम अजून अंगात आहे.

पहिले तीन महिने आम्ही नुसतं चाललो. ओझं वाहून तिचे पाय दणकट होते, पण माणूस पाठीवर हलतो, वजन इकडचं तिकडे करतो, त्याची तिला सवय नव्हती. पहाटे पाचला निघायचं, सोनोरीच्या अंगानं मल्हारगडाचा पायथा धरायचा आणि नऊला दुकानाचं शटर वर. दुसऱ्या टप्प्यात दुडकी. तीही मोजून. पाच मिनिटं दुडकी, पाच मिनिटं चाल. रविवारी दुकान नवऱ्याच्या ताब्यात द्यायचं आणि लांबची फेरी काढायची, जेजुरीकडे, नाझरे धरणाच्या कडेकडेनं.

घोड्याचं हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत तयार होतात. स्नायूंना काही महिने लागतात. पायातल्या कंडरा (स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्या) आणि हाडं मात्र वर्ष घेतात, कधी त्याहून जास्त. आमच्या भागातले हौशी घोडेवाले इथेच फसतात. तिसऱ्या महिन्यात घोडा फुरफुरायला लागतो, मालकाची छाती फुगते, वेग वाढतो आणि सहाव्या महिन्यात घोडा तीन पायांवर उभा. माझा नियम साधा होता, अंतर वाढवलं त्या आठवड्यात वेग वाढवायचा नाही. आणि आठवड्यातले दोन दिवस पूर्ण मोकळी सोडायची. त्या दिवशी ती शेजारच्यांच्या अंजिराच्या बागेत घुसायची, तो भाग वेगळा.

जेजुरीच्या वाटेवर मजा यायची. एका सोमवतीच्या आसपास गर्दीतून चिमणीला हातात धरून नेत होते, तर एका म्हाताऱ्या आजींनी तिच्या कपाळाला मूठभर भंडारा फासला आणि मला म्हणाल्या, "पायी का गं चाललीस? म्हाळसा घोड्यावर बसती." त्या दिवशी चिमणी पिवळी होऊन घरी आली आणि ते चार दिवस निघालं नाही.

आता नालबंद मामा. मामांची दोन मतं दगडावरची रेघ आहेत. एक, खुराच्या बाबतीत कोणाचं ऐकायचं नाही. दोन, तापलेल्या घोड्यावर गार पाणी टाकायचं नाही, अंग धरतं. पहिल्या बाबतीत मी त्यांची शिष्य आहे. नाल ठोकायच्या आधी ते घोडीला कडक जमिनीवर माझ्याकडून चालवून घेतात, स्वतः गुडघ्यावर बसून टापा कशा पडतात ते बघतात. मग खूर मांडीवर घेऊन तासतात, कानस मारतात, नाल गरम न करता ऐरणीवर ठोकून खुराच्या मापाचा करतात. आमच्याकडे उलटं, खूर तासून नालेच्या मापाचा करणारेच जास्त. प्रत्येक खिळ्याचं टोक बाहेर आलं की मोडून, वळवून, त्यावरून बोट फिरवून बघतात. माझ्याकडे न बघता एकदा म्हणाले, "ताई, पाठ लागली तर मलम आहे तुमच्या दुकानात. खूर गेला तर काय लावणार?" पावसाळ्यात खूर मऊ पडतात, तळाशी वास यायला लागतो. तेव्हा पोटॅशियम परमँगनेटचं पाणी आणि कोरडी जागा. तेवढं आमच्या दुकानात मिळतं.

दुसऱ्या मतावरून मात्र आमची कायम खडाजंगी. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या आधी, तिथल्या उकाड्यात घोड्यांचं काय होणार या काळजीपोटी यावर बराच अभ्यास झाला होता. गार पाणी सारखं ओतत राहिलं की घोडा चटकन थंड होतो आणि स्नायूंना काही होत नाही, हे तेव्हापासून माहीत आहे. मामा म्हणाले, "अटलांटाला असेल. इथं पुरंदर आहे."

खाण्यावरही गावाची मतं होती. हरभरा वाढव, गूळ दे, तूप दे, अंडी दे. मी हरभरा भिजवून मूठ-दोन मूठ ठेवला आणि बाकी भर सुक्या गवतावर, कडब्यावर, लसूणघासावर दिला. घोड्याच्या मोठ्या आतड्यात चाऱ्यासोबत पाणी आणि क्षार साठून राहतात आणि लांबच्या पल्ल्यावर तीच शिदोरी. खुराक जास्त झाला तर पोटशूळ, आणि घोड्याला ओकता येत नाही, त्यामुळे पोटाचं दुखणं जिवावर बेततं.

मिठाचं तर मला स्वतःला नवल वाटलं होतं. आपल्या घामात मीठ रक्तापेक्षा कमी असतं. घाम गेला की रक्त खारट होतं आणि तहान लागते. घोड्याचा घाम जवळपास रक्ताइतका किंवा त्याहून खारट. पाणी गेलं तसं मीठही गेलं, मग मेंदूला पत्ताच लागत नाही की तहान लागायला हवी. उन्हातल्या कामात तासाला दहा-पंधरा लिटर घाम जातो आणि घोडा बादलीकडे बघून तोंड फिरवतो! म्हणून साधं मीठ आणि पोटॅशियम क्लोराईड दह्यात कालवून मोठ्या सिरिंजनं, सुईविना अर्थात, गालाच्या कोपऱ्यातून द्यायचं. तेही ती आधी पाणी प्यायली असेल तरच. कोरड्या पोटी मीठ दिलं तर उलटा घोळ होतो. चिमणीला मी दिसेल तिथलं पाणी प्यायची सवय लावली, कालवा, हौद, डबकं, मेंढरांची कुंडी. खरं म्हणजे लावली कसली, ती आबांच्याकडूनच शिकून आली होती.

स्वतःचीही तालीम होतीच. आठवड्यातून तीन दिवस पळणं, कारण मला उतारावर उतरून घोडीबरोबर पायी पळायचं होतं. नियमात ते बसतं. आणि रिकिबीत पाय न घालता दुडकीत उठ-बस करणं. हे कोणी करून बघावं, मग दुकानाच्या काउंटरमागच्या स्टुलावर बसून दाखवावं.

राइड जानेवारीत, सोलापूरकडच्या माळरानावर. ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाच्या तपासणीचा दाखला आणि लसीकरणाचे कागद घेऊन आम्ही आदल्या दुपारी टेम्पोतून पोचलो. आम्ही म्हणजे मी, नवरा, कॉलेजात जाणारा भाचा आणि मामा. मामांना मी बोलावलं नव्हतं. "नाल निघाली तर कोण लावणार?" म्हणत ते अवजारांची पिशवी घेऊन पुढे येऊन बसले होते. आदल्या संध्याकाळच्या तपासणीत चिमणीच्या एका बाजूला मारवाडी, दुसऱ्या बाजूला रेसकोर्सवरून निवृत्त झालेला उंचापुरा थरोब्रेड. एका पोरानं विचारलं, "मुलांच्या राइडचं शिंगरू आहे का?" भाच्याचे कान लाल झाले. चिमणी कडबा खात होती.

पहाटे साडेपाचला, अंधारात, कडाक्याच्या थंडीत सुटलो. सुटलो म्हणजे बाकीचे सुटले. मी सगळ्यांना जाऊ दिलं आणि दहा मिनिटांनी निघाले. कळपाच्या मागे घोडं वेड्यासारखं ओढतं आणि पहिल्या दहा किलोमीटरमध्ये दिवसभराची ताकद उधळतं. चिमणीनं दोनदा मान झटकली, एकदा खिंकाळली आणि मग तिची ती आखूड, घाईघाईची दुडकी लागली. पहिला लूप ३० किलोमीटरचा, मुरमाची गाडीवाट, मध्ये एक ओढा. ओढ्यात ती थांबून पोटभर प्यायली. आमच्या पुढचे दोघे पाण्यावरून उडी मारून गेल्याच्या खुणा चिखलात दिसत होत्या.

गेटवर आलो तेव्हा ठोके ७२. खोगीर उतरवलं, भाच्यानं मानेवर आणि पायांच्या आतल्या शिरांवर पाणी ओतायला सुरुवात केली. मामा पाठ फिरवून उभे राहिले, त्यांना बघवेना. चौथ्या मिनिटाला ५६. डॉक्टर मॅडमनी ओठ वर करून हिरडी दाबली, पांढरा पडलेला ठिपका किती वेळात गुलाबी होतो ते पाहिलं, मानेची कातडी चिमटीत धरून सोडली, पोटाला चारी बाजूंनी स्टेथोस्कोप लावला. मग दुडकीवर नेऊन आणायची. सगळ्याला अ श्रेणी, फक्त उजव्या बाजूच्या पोटाच्या आवाजाला ब. "खायला घाला," त्या म्हणाल्या. ४० मिनिटांच्या सक्तीच्या विश्रांतीत तिनं ओला कोंडा, लसूणघास आणि नवऱ्याच्या हातातली अर्धी भाकरी खाल्ली. उंचापुरा थरोब्रेड शेजारी उभा होता, चौदाव्या मिनिटाला ६८ वर. त्याचा स्वार सारखा घड्याळ बघत होता, आणि मला वाटतं घोड्याला ते कळत होतं. तो तिथेच बाद झाला. मुलगा रडवेला झाला. वाईट वाटलं, पण घोडा धडधाकट घरी गेला. गेट असतं ते त्याचसाठी.

दुसऱ्या लूपला ऊन चढलं. वाट दाखवणाऱ्या पिवळ्या फिती, दगडगोट्यांची चढण, सावलीला एक बाभूळ नाही. चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर झाले असतील, माझ्या मांड्यांची सालटी निघाली होती, पाणी संपलं होतं. आणि समोर मेंढरं. सगळी वाट भरून. कडेला तीन घोडी, पाठीवर बिऱ्हाड. चिमणी अशी काही खिंकाळली की माझा लगाम सुटायची वेळ आली. त्या घोड्यांनीही उत्तर दिलं. ती थेट त्यांच्या रांगेत जाऊन उभी राहिली, दुसऱ्या आणि तिसऱ्या घोडीच्या मधे, आणि त्यांच्या चालीनं चालायला लागली. मी टाचा मारल्या, जीभ टाळ्याला लावून आवाज केले, काही उपयोग नाही. मेंढक्याची बायको पदर तोंडाला लावून हसत होती. "आमची हाय का?" तिनं विचारलं. म्हटलं, होती. मग तिनंच चिमणीच्या पुठ्ठ्यावर थाप मारली, "हिर्र" असं काहीतरी म्हणाली, आणि चिमणी निघाली. वेळ गेला तो गेला. पण त्या रांगेत चालून तिचे ठोके इतके खाली आले होते की पुढची चढण तिनं आपणहून दुडकीत काढली. मला तेव्हा कोणी एक कोटी दिले असते तरी मी ती विकली नसती.

दुसऱ्या गेटवर पोट अ. पाठीवर हात फिरवताना मात्र डाव्या बाजूला ती किंचित दबली. खोगिराखालच्या नमद्याची घडी सरकली होती. नमदा बदलला, तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, एक भोक सैल केला.

शेवटचे २० किलोमीटर सांगण्यासारखे नाहीत. उतार आला की मी उतरून पायी, चढ आला की वर. गुडघे बोलत होते. बरोबर कोणी नाही, पुढे कोणी दिसत नाही. शेवटच्या सपाटीला एका मारवाडीवाल्यानं मागून येऊन मला गाठलं आणि भरधाव पुढे गेला. चिमणीनं कान मागे पाडले, पण चाल बदलली नाही. जाऊ दिला. शेवटच्या रेषेनंतर ६४ वर यायला २० मिनिटं असतात. आमचे नवव्या मिनिटाला ६०. मग ती शेवटची दुडकी, सगळ्यांच्या देखत, चाळीस मीटर जायचं, चाळीस मीटर यायचं. भाच्यानं दोरी धरली कारण माझ्यानं पळवेना. डॉक्टर मॅडम खाली वाकून चारी पाय बघत होत्या. त्यांनी कार्डावर काहीतरी लिहिलं, सही केली आणि "पास" म्हणाल्या. भरधाव गेलेल्या मारवाडीचा उजवा पुढचा पाय दुखावला होता, तो बाद.

आबांना फोन लावला. "संपली का तुमची शर्यत? पडली न्हाई ना कुठं? खाल्लं का तिनं?" एवढंच. मी बक्षिसाचं सांगायला लागले तर म्हणाले, मेंढरं आत घ्यायचीत, उद्या बोलू.

रात्री चिमणीच्या पायांना ओली चिकणमाती लावून मी टेम्पोच्या फळीवर टेकले, तर मामा चहा घेऊन आले. मी म्हटलं, "बघितलंत ना मामा, गार पाण्यानं काही झालं का?" मामांनी चहा बशीत ओतला. "पाण्यानं न्हाई ताई, नालीनं पास झाली." आणि खिशातून बिल काढलं. त्यात येण्या-जाण्याची मजुरी धरली होती.

मी दिली.

आता दोन महिने तिला खोगीर नाही. पुढच्या हिवाळ्यात १०० किलोमीटरचा विचार आहे. मामा म्हणतात, आत्तापासून नाल बदलायला हवी, थोडी रुंद. भाव त्यांनी अजून सांगितलेला नाही.